कच्चा फोम आणि सोनेरी स्प्रे

माझा मेहुणा मंगरूळपीरला कूलर रंगवतो. पत्र्यावर स्प्रे मारतो, वर एक वाकडं कमळ काढतो आणि स्वतःला आर्टिस्ट म्हणवतो.

मी टेबलावरच्या लढाया खेळतो. इंचभर सैनिक, फासे, मोजपट्टी, आणि रणभूमी घरी बनवलेली. पत्र्याखाली ऊन अडवायला फोमचे जाड बोर्ड लावतात ना, त्यांचे उरलेले तुकडे मी एका गोदामातून मागून आणले होते. थरावर थर चिकटवले, कटरने कडे तासले. चार महिन्यांत अडीच फुटी डोंगर उभा राहिला. रंग तेवढा बाकी होता.

मेहुणा म्हणाला, "भाऊजी, या वयात खेळणे करून राह्यले?"

गाढवाला गुळाची चव काय!

गौरींना आमच्याकडे महालक्ष्म्या म्हणतात. त्या येण्याआधी बायको म्हणाली, "औंदा तुमचा डोंगर महालक्ष्म्याच्या मांगं ठेवू. आत्याबाई गेल्यावर मी पयल्यांदाच एकटी मांडून राह्यली. साऱ्या जावा पाह्यले येतीन." आत्याबाई म्हणजे माझी आई. मी मोठ्या मनाने परवानगी दिली. घरात एका माणसाला तरी कदर होती.

महालक्ष्म्या बसायच्या त्या सकाळी मेहुणा सोनेरी स्प्रेचा डबा घेऊन आला. "असा पांढराफटक डोंगर काय शोभते? पाच मिनटात सोन्याचा करतो."

कच्च्या फोमवर असला स्प्रे मारला की फोम विरघळतो. आमच्या छंदातला हा पहिला धडा. पण याचं सगळं ज्ञान पत्र्यापुरतं. तो खळखळ डबा हलवत होता आणि मी दारात उभा होतो. म्हटलं, मार बाबा. एकदाची तुझी अक्कल सगळ्यांना दिसू दे.

डोंगर क्षणभर चमकला. मग त्याला भोकं पडली, कडे आत ओढले गेले आणि माथा खाली बसला. मेहुण्याचं तोंड बघण्यासारखं झालं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

"समजलं का, आर्टिस्ट? फोमले स्प्रे चालत नाई. लहान लेकराले बी मालूम असते."

बायको मुखवट्यांचं ताट घेऊन मागेच उभी होती. तिने भावाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"तुमाले मालूम होतं?"

मी मान डोलावली.

"मंग त्याले थांबवलं काहून नाई?"

तिने ताट भावाच्या हातात दिलं, मला दारातून बाजूला व्हायला सांगितलं, आणि महालक्ष्म्यांच्या मागे लावायला स्वतःचा लग्नातला शालू काढायला आत गेली.