वर गेलेले देश, खाली आलेले देश आणि आमच्या लिमयेबाई

आठवीत मी भोरला मावशीकडे शिकायला आले, तेव्हा लिमयेबाईंची पहिली ओळख झाली ती वर्गाच्या भिंतीवर. कोणत्या देशात किती परदेशी पर्यटक येतात, याचा तक्ता बाईंनी तिथे लावला होता. नवे आकडे मिळाले की त्या देशांच्या नावांच्या पट्ट्या वरखाली करत. फ्रान्स आपला वरती ठाण मांडून, बाकीच्यांची मात्र सारखी चढउतार. मी एकदा विचारले, "एकच माणूस तीन देश फिरला, तर त्याला तीनदा मोजतात का?" बाई म्हणाल्या, "मला माहीत नाही. शोधू या." भूगोलाच्या शिक्षकांनी सगळ्या वर्गासमोर असे म्हणावे, याचेच मला नवल वाटले. पंधरा दिवसांनी बाईंनी उत्तर आणले. हो, तीनदा!

पुढे सहली नेणाऱ्या कंपनीत मला नोकरी मिळाली. दौरे परदेशातले, आणि वडिलांचा ठाम नकार. मी अगदी रडकुंडीला आले. शेवटी मी बाईंना कळवले आणि त्या एसटीने आमच्या गावी, वरवे बुद्रुकला आल्या.

वडील म्हणाले, "बाई, लोकं घरदार सोडून दुसऱ्याच्या मुलखात कशाला जात्यात, त्येच मला उमगत न्हाई."

आता बाई समजूत घालणार, असे आम्हाला वाटले. पण त्या म्हणाल्या, "मलाही उमगलेलं नाही हो. इतकी वर्षं नुसते आकडे बघतेय. कुणीतरी जाऊन बघायला नको का?"

"व्हय, त्ये बी खरंच," वडील म्हणाले आणि चहा टाकायला सांगितला.

महासाथीत विमाने थांबली, सगळेच देश खाली आले, मी घरी बसले. बाईंनी फोनवर धीर दिला आणि लगेच विचारले, "अगं, तिकडच्या गाइडांची चूल कशी पेटत असेल?" खरे सांगते, मला रागच आला होता. मग मीच तिकडच्या चौघांना फोन लावले. त्या दिवशी कितीतरी दिवसांनी मला बरे वाटले.

बाईंनी स्वतः मात्र कधी देशाबाहेर पाऊल टाकले नाही. आधी सासूबाईंचे आजारपण, मग गुडघे. यंदा पंचाहत्तरीत गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली, पासपोर्टही आला. डॉक्टरांनी प्रवासाचे दिवाळीनंतर बघू म्हटले आहे. मी हौसेने म्हणाले, "बाई, पॅरिसला नेते."

"तिथे सगळेच जातात गं. ज्या देशाचा आकडा घसरलाय, तिथे ने मला. माणसं यायची का थांबली, ते तिथल्यांनाच विचारू."

बाईंना निरोगी आणि उदंड आयुष्य लाभो, गुडघ्यांनी त्यांना मनापासून साथ द्यावी. वडिलांनी तर मला बजावूनच ठेवले आहे, "बाईंस्नी मन भरंस्तवर फिरीव. परतायची घाई करू नगंस."