नावावर न भुलणाऱ्या शेखबाई

शेखबाई कुणाच्याही नावावर विश्वास ठेवत नसत. कोल्हापुरातल्या आमच्या दूध संघात आणखी एक शेख होते, दुधाच्या गाडीवर ड्रायव्हर. नवा माणूस त्यांना बाईंचा भाऊ समजला की बाई कडाडत, "आडनाव एक हाय म्हणून भाऊ व्हय? इचारा की आधी!"

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. संघात नुकताच कॉम्प्युटर आला होता आणि त्या विभागाच्या प्रमुख होत्या शेखबाई. गणितात एम.एस्सी., पदर खोचलेला, चहा बशीत ओतूनच प्यायच्या. मी त्यांच्या हाताखाली प्रोग्रॅमर. सगळी माहिती पुण्याच्या एका माणसानं टेबलांमध्ये, म्हणजे तक्त्यांमध्ये, भरून दिली होती, पण कुठलं टेबल कुठल्या टेबलाशी जोडलेलं आहे, हे न सांगताच तो निघून गेला होता. ती नाती शोधणं हे आमचं काम. एका टेबलातला कॉलम दुसऱ्या टेबलातल्या कुठल्या नोंदीकडे बोट दाखवतो, हे ताडून बघायचं. कॉलमची नावं सारखी दिसली की मी खूश व्हायचे. बाई म्हणायच्या, "नावं काय बघतीस? आतलं आकडं बघ."

एका उन्हाळ्यात शेजारच्या जिल्ह्यात गुरांची लाळ्या-खुरकूत पसरली. त्यातच कळलं की आम्ही जनावरांना टोचलेल्या लसीची एक खेप उन्हात राहून निकामी झाली होती. ती जिथं दिली, तिथली जनावरं रोगापुढे उघडीच होती. ताजी लस थोडी होती. कुठं धाडायची?

लसीच्या टेबलात नुसता 'स्थळ क्रमांक' होता. आम्ही तो गावांच्या टेबलाशी जोडला. एकूण एक आकडा जुळला आणि त्या खेपेची यादी निघाली, सगळी आजऱ्याकडची गावं. मॅनेजरसाहेबांनी जीपा काढायला सांगितल्या.

"थांबा," बाई म्हणाल्या. "एकापासनं सुरू होणारं आकडं कुणाशीबी जुळत्यात."

"बाई, रोग दारात आलाय!" साहेब वैतागले.

"म्हणूनच म्हणते, साहेब. लस एकदाच धाडता येणार हाय."

त्यांनी दूध संकलन केंद्रांचं टेबल उघडलं. केंद्रं गावांपेक्षा कमी. बंद पडलेल्या केंद्रांचे क्रमांक मधूनमधून गळालेले. मग लसीचं टेबल लावलं. नेमके तेच क्रमांक तिथंही नव्हते, आणि केंद्रांचा शेवटचा आकडा आला तिथंच लसीचे आकडेही थांबत होते. बाईंनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "हे बघ. गावाचं न्हाय, हे केंद्राचं पोरगं हाय."

एवढ्यावरही त्यांचं समाधान झालं नाही. लस टोचणाऱ्या डॉक्टरांना त्यांनी ट्रंक कॉल लावला. "डॉक्टर, ती खेप कुठं टोचलासा?"

पलीकडचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "राधानगरीच्या वरच्या अंगाला. आजऱ्याकडं गेलोच न्हाय की!"

लस केंद्रांशी जोडून निघालेल्या नव्या यादीतली गावं राधानगरीचीच होती. जीपा तिकडे गेल्या. रोग पुढे त्या भागात आला, पण आमच्या केंद्रांच्या गोठ्यांत फारसा शिरला नाही. पावसाळ्याच्या तोंडी तिथला एक शेतकरी डबाभर खरवस घेऊन आला. कॉम्प्युटरवाल्या बाई कोण, म्हणून विचारत होता. बाई म्हणाल्या, "बसा पावणं. गाय कशी हाय ते आधी सांगा." तो तासभर गाईबद्दलच बोलला आणि बाई ऐकत राहिल्या.

पुढे त्यांच्या यजमानांची सोलापूरला बदली झाली. निरोपाच्या दिवशी साहेब गहिवरून म्हणाले, "बाई, आता नातं लागतंय की नाही ते आम्हाला कोण सांगणार?"

बाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही. चहा बशीत ओतत म्हणाल्या, "ही काय, बसलीया की."

मला रडू फुटलं. त्यांनी ती बशी माझ्याकडे सरकवली आणि स्वतःसाठी दुसरा चहा मागवला.