पडद्यावरच्या आईचे वय

चित्रपटातल्या पात्राचे वय काढताना केसांवर विश्वास ठेवू नये, हा ताईने मला शिकवलेला पहिला नियम. केस पांढरे करणारा माणूस गणित करून रंग लावत नाही. आधी कथेतले मूल शोधावे. मुलाची इयत्ता कळली की त्याचे वय कळते आणि त्यावरून आईचे. आम्ही दोघेही गणिताचे शिक्षक. ती अकोल्याला, मी अमरावतीला. चित्रपट एकत्र पाहिला की ही आकडेमोड ठरलेली.

या मे महिन्यात मात्र मी अकोल्याला गेलो ते भाचीच्या सांगण्यावरून. पुण्याहून तिचा फोन आला होता. "मामा, आई तेच तेच विचारते. ती एकटी राहू शकेल का, तुम्ही स्वतः बघून सांगा. नाही म्हणालात तर मी येऊन तिला इकडे घेऊन येते." ताईला त्र्याहत्तर पूर्ण झालेली. घर सोडायला ती तयार नव्हती. बडनेऱ्याला गाडीत बसतानाच माझे उत्तर जवळजवळ ठरले होते : काळजीचे कारण नाही.

दुपारी पोचलो, तर पुढचे दार सताड उघडे. मे महिन्यात अकोल्यात असे कोणी करत नाही. झळा थेट घरात येतात. मी दार लोटायला गेलो, तर ताई म्हणाली, "राहू दे." बाकी सारे नेहमीसारखे होते. गाडीला गर्दी होती का, हे तिने विचारले. माझ्या पोटाकडे पाहून, "सेवानिवृत्ती मानवली तुले," असा टोमणाही मारला. मला बरे वाटले.

टीव्हीवर आम्ही पूर्वी पाहिलेला एक चित्रपट लागला होता. ताईने गॅसवर दूध ठेवले आणि येऊन बसली. नायिकेचे लग्न झाले तसे तिने बोट उचलले. "सोळा पूर्ण. वर्षानं पोरगा, म्हणजे सतरा. पोरगा जत्रेत हरवते तवा पहिलीत, सहाचा. ही तेवीसची." पुढे पडद्यावर अक्षरे आली : बावीस वर्षांनंतर. पांढऱ्या केसांची, काठी टेकणारी आई समोर आली.

"पंचेचाळीस," ताई क्षणात म्हणाली. "पंचेचाळीसले काठी? मीबी पंचेचाळीसचीच आहो. दोन-दोन तुकड्या सांभाळून राहिली, मले कुठी लागते काठी?"

मी मोठ्याने हसलो. हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती अगदी हेच म्हणाली होती, आणि तेव्हा ते खरे होते. जुना विनोद तिला आठवला, असे मी समजलो. पण ती हसली नाही. माझ्याकडे पाहून म्हणाली, "हासतं काहून?"

मग मी तिचीच रीत वापरली. आधी मूल. शक्य तितक्या सहजपणे विचारले, "ताई, पोरगी किती वर्षांची झाली आता?"

"अठराची. बारावीले नाही का? क्लासले गेली. दार कोणासाठी उघडं ठेवलं मंग?"

उत्तराचा ताळा करून पाहण्याची सवय जात नाही. पंचेचाळिसातून अठरा गेले, उरले सत्तावीस. भाचीच्या जन्माच्या वेळी ताई सत्तावीस वर्षांचीच होती. वजाबाकी अचूक होती. फक्त भाची आज शेहेचाळीस वर्षांची आहे. दोघींच्या वयांतून सारखीच अठ्ठावीस वर्षे नाहीशी झाली होती, म्हणून उदाहरण कुठेच अडत नव्हते. भाऊजी गेले ते याच अठ्ठावीस वर्षांत. त्यांच्याविषयी विचारण्याचे धाडस मला झाले नाही.

तेवढ्यात करपल्याचा वास आला. ताई पडद्याकडेच पाहत होती. मी आत धावलो. दूध उतू जाऊन ज्योत विझली होती आणि गॅस तसाच सुटत होता. मी तो बंद केला, खिडकी उघडली. कट्ट्यावर आणखी दोन पातेली होती, दोन्ही बुडाशी काळी. आजचे पहिले नव्हते.

ओसरीत येऊन मी भाचीला फोन लावला. "कशी आहे आई?" तिने विचारले. गाडीत ठरवलेले उत्तर मी दिले नाही. "ये," म्हणालो. "लवकर ये."

"पोरगी आली काय रे?" आतून ताईने विचारले.

"येते आहे."

"दूध ठेवतो मंग," ती म्हणाली, आणि उठण्यासाठी तिने खुर्चीच्या हातांवर जोर दिला. मी तिच्या आधी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो.