खांदा बदलायला लावणारी बाई

"बाहेर जावा नि परत येवा."

पेडण्याच्या बाजारात, शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत शिरणाऱ्या प्रत्येकाचं ती असं स्वागत करायची. तुम्ही काय केलं असतंत? मी तर अपमान झाला असं समजून सरळ जिना उतरायला लागलो. मागून हाक आली, "मास्तर, घराक नाय ओ! दारापर्यंत. तुमका चलताना बघूचां आसा."

चालताना? दुखत होता माझा खांदा!

गोवा नुकतंच राज्य झालं होतं, पण फिजिओथेरपी हा शब्द आमच्या पार्सेत अजून पोचायचा होता. ती सावंतवाडीकडची, तिशीची, शिडशिडीत. आम्ही तिला 'व्यायामाची बाई' म्हणायचो, आणि ती मालिश करते अशी सगळ्यांची ठाम समजूत होती. त्यामुळे जो तो घरून खोबरेल तेलाची बाटली घेऊन यायचा. मीही नेली होती, घाण्यावरचं ताजं तेल, बुचाला कापड गुंडाळून. तिनं ती हातात घेऊन वजन पाहिलं आणि माझ्याच हातात परत दिली.

"उचला."

"आणि चोळणार कधी?"

"चोळूचां कित्याक? उचला."

तिच्या खिडकीत अशा बाटल्यांची रांग होती, प्रत्येकीवर मालकाच्या नावाची चिठ्ठी. एकीचंही बूच तिनं कधी उघडलं नाही. थंडीत आतलं तेल पांढरं गोठायचं, उन्हाळ्यात वितळायचं, आणि आम्ही मुकाट्यानं आपापली बाटली वर-खाली करायचो. हा उपचार आहे की शिक्षा, हे मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही.

आता माझी अडचण सांगतो. आमच्या देवळाच्या पालखीचा पुढचा उजवा खांदा आमच्या घराचा. आजोबांपासून. पुढचा डावा चुलत्यांचा, म्हणजे माझ्या चुलतभावाचा, आबाचा. ज्याला उचलता येणार नाही त्याचा खांदा दुसऱ्या घराकडे जातो, आणि गेलेला परत मिळाल्याचं गावात कुणाच्या ऐकिवात नाही. पालखीला नऊ आठवडे उरले होते आणि मला सदऱ्याच्या बाहीत हात घालायलाही बायको लागत होती. आबा रोज प्रेमानं चौकशी करायचा, "दादा, कसा आसा खांदो?" त्या प्रेमानं मला झोप लागत नसे.

बाईनं मात्र खांद्याला हातच लावला नाही. पाठ बघितली, मान बघितली, शाळेची झोळी कुठल्या बाजूला अडकवतो ते विचारलं. मी म्हटलं, "उजव्या." पालखी? "उजव्या." छत्री, बाजाराची पिशवी, धाकटी मुलगी? सगळं उजव्या. "मगे डावो खांदो तुमी कित्याक ठेवलात? शोभेक?" असं म्हणून ती इतकी हसली की खालचं शिलाई मशीन थांबलं.

घरी भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंत चढायची, जिथं हात अडेल तिथं पेन्सिलीनं खूण करायची, हा तिचा हुकूम. पहिली खूण माझ्या छातीपाशी. बायको म्हणाली, "कुणाची उंची मोजताय? पोरं तर कधीच शाळेला गेली." तिसऱ्या आठवड्यात खूण कपाळापाशी पोचली. दोन दिवसांनी, मी खुशीत येऊन झोळी पुन्हा उजव्या खांद्याला अडकवली, तेव्हा खूण खाली घसरली. बाईनं माझ्याकडे न बघताच विचारलं, "झोळी खंय होती?" तिला हे कसं कळायचं, देव जाणे.

सहाव्या आठवड्यात एक दिवस मी जिना चढतोय आणि समोरून उतरतोय आबा! काखेत बाटली, वर धोतराचा सोगा ओढलेला. खिडकीतल्या चिठ्ठीवर नाव दिसू नये म्हणून माझीही बाटली रोज वर्तमानपत्रातून ये-जा करायची. दोघांच्याही तोंडून एकदमच निघालं, "शिंप्याकडे आलो होतो."

वरून आवाज आला, "दोघय वर येवा!"

आबाचा डावा खांदा दोन वर्षं दुखत होता. पठ्ठ्यानं घरातसुद्धा सांगितलं नव्हतं. माझा खांदा गेला तर पालखीची ती बाजूही आपल्याच घराला उचलावी लागेल, या धास्तीनं तो रोज माझी चौकशी करत होता! बाईनं एक बांबू आणला, त्याला खिडकीतल्या सगळ्या बाटल्या टांगल्या आणि तो आमच्या खांद्यांवर देऊन आम्हाला खोलीत फिरवलं. मग म्हणाली, "आता जागो बदला."

जागा बदलणार कशी? उजवा आमचा, डावा त्यांचा. यावरून आमचे दोघांचे वडील एकमेकांशी बोलत नसत.

"बरां मी करतंय," ती म्हणाली. "पण फुडल्या वर्सा परत येतलात. अर्ध्या वाटेर बदललात, तर नाय येवचे."

पालखी निघाली तेव्हा चार वाजले होते. माझा हात दांड्यापर्यंत गेला. कळ आली, पण गेला. वाटेत घोटिंगाच्या, म्हणजे रायवळ आंब्याच्या झाडापाशी नारळ फोडायला पालखी टेकवतात. तिथं मी मान वर केली, तर गर्दीत ती उभी. सगळ्यांचे हात जोडलेले, नजर देवावर. हिची नजर आमच्या पायांवर. मी आबाकडे बघितलं. आबानं माझ्याकडे. पालखी पुन्हा उचलली तेव्हा मी डावीकडे होतो आणि तो उजवीकडे. नारळाच्या गडबडीत कुणाच्या लक्षात आलं नाही. देवानं पाहिलं असेल, पण तो काही बोलला नाही.

पुढच्या पावसाळ्यानंतर ती खोली बंद दिसली. कुणी म्हणालं लग्न झालं, कुणी म्हणालं मिरजेला गेली. शिंप्यालाही ठाऊक नव्हतं. तिनं आमचं उठणं, बसणं, झोपणं सगळं विचारलं होतं. आम्ही तिला गावसुद्धा धड विचारलं नाही.

आता माझा आणि आबाचा मुलगा पालखीला असतात. आंब्यापाशी जागा बदलतात. परवा आमचे भटजी पाहुण्यांना सांगत होते, "इथं देव कूस बदलतो, फार जुनी रीत." पाहुण्यांनी हात जोडले. आबानं मला कोपर मारलं. मी गंभीर चेहऱ्यानं हात जोडले, आणि नजर खाली, पोरांच्या पायांवर ठेवली.