झेंडूखालचा नंबर

दसऱ्याला शेजारचे सबनीसकाका आपल्या तीन पॉइंट टू-टू रायफली पाटावर मांडून पूजा करतात. ते जुने नेमबाज, पण आता हौस रायफलींवर कोरलेल्या नंबरांची. कंपनीने शंभरच काढलेल्या रायफलींतली शंभरावी त्यांच्याकडे आहे, दुसऱ्या अशाच मालिकेतली सत्त्याहत्तरावी आहे. दोन्हींचे नंबर दिसतील असं बेताने कुंकू लावलेलं. तिसरीच्या नंबरावर मात्र झेंडूचं टपोरं फूल.

मला शंका आली. नंबरात खाडाखोड असेल? काकांना कोणी फसवलं असेल, की काकाच आम्हाला फसवतायत? झाकलेलं काही दिसलं की माझ्या मनात आधी वाईटच येतं. काका प्रसाद आणायला आत गेले आणि मी फूल उचललं.

चार हजार एकशे त्रेसष्ट. कोणाच्याही लक्षात राहू नये असा नंबर.

"पाहिलास ना?" काका दारातून म्हणाले. "हिच्यावर मी नेम धरायला शिकलो."

"मग झाकता कशाला?"

"लोक नंबर बघतात आणि लगेच पुढच्या रायफलीकडे वळतात. मला ते बघवत नाही."

मी ओशाळून फूल परत ठेवलं. तेव्हा दिसलं, तिघींत हिचाच लाकडी दस्ता नेम धरताना गाल घासून घासून गुळगुळीत झाला होता. त्या दोघींना कुंकवापलीकडे काही लागलेलंच नव्हतं.