गादीवाल्याचं इंजिन

घाटंजीचा जलाल पिंजारी आपल्या गाद्यांची तारीफ करायला लागला की ऐकणाऱ्याला तिथंच झोप येई. गादी मधून फुगीर हवी, कडेला उतरती, हे त्याचं शास्त्र. 'मधात टेकाड लागते' असं गिऱ्हाईक म्हणालं, तर "मंग तुमची पाठच वाकडी हाय" असं तो तोंडावर सांगे.

लाईन गेली की त्याचं कापूस पिंजायचं यंत्र बंद पडे. म्हणून त्याच्या मेहुण्यानं, जमीर मिस्त्रीनं, पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांच्या, जाळावर चालणारं हवेचं इंजिन बनवलं. आत कोंडलेली हवा गरम टोकाकडून थंड टोकाकडे जायची नि परत यायची. मध्ये तारेच्या घासण्या भरलेला डबा. जाताना हवेनं गरमी तारेत ठेवायची, येताना उचलायची. जमीर त्याला रिजनरेटर म्हणे, जलाल उशी म्हणे. ती उशी भरायचं काम त्यानं हट्टानं स्वतःकडे घेतलं. वर बाजारात सांगून आला, "हे इंजिन नाही चाललं, तर गादीले पुन्हा हात लावत नाही!"

गल्ली जमली. जाळ पेटला. चाकानं दोन आळसट गिरक्या घेतल्या नि बसकण मारली. लोक खदाखदा हसले.

"तुहं चाकच भंगार हाय!" जलाल मेहुण्यावर खेकसला.

"दुल्हेभाई, डबा तर खोलून पाहू," जमीर म्हणाला.

डबा उघडला. कडेची तार तापून निळी पडली होती, मधली नव्यासारखी चकचकीत.

"मधात ठासून भरलं तुम्ही, गादीवानी," जमीर म्हणाला. "हवा कडेच्या पोकळीतून पळून राह्यली. मधली तार फुकट बसली."

जलाल बाह्या सरसावून उत्तर देणार, तेवढ्यात त्याची बायको रशीदा बोलली. "हवेले कायले नावं ठेवता? लग्न झालं तवापासून मीबी कडेलेच झोपून राह्यली. मधात झोपताच येत नाही."

जलालला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गिऱ्हाइकाची पाठ वाकडी म्हणता येते, बायकोची कशी म्हणणार? त्यानं सगळ्या घासण्या उपसल्या, विंचरल्या नि या काठापासून त्या काठापर्यंत सारख्या पसरल्या. या वेळी चाक जे फिरलं, ते थांबेचना. जमीरला तर रडूच आलं.

पहिला कापूस पिंजला तो घरच्या गादीचा. दुपारी रशीदा तिच्यावर मधोमध, हातपाय पसरून घोरत पडली. जलाल हळूच कडेला टेकला.