पालीच्या वळणावर तात्या

फोन आला तेव्हा मी रोपांना पाणी घालत होते. पालीचा दुकानदार नामदेव बोलत होता. "काकी, तात्या हितं वळणावर गाडीवर बसल्यात, पण बोलत न्हाईत." माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "गाडी पडली का?" "न्हाई वो, गाडी उबीच हाय." आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं. पडले नाहीत ना, मग बाकीचं बघता येईल, असं म्हणत मी चपला पायात सरकवल्या. विंझरहून पालीच्या निम्म्या वाटेवर आल्यावर लक्षात आलं, नामदेवचा पुन्हा फोन आलेला नाही. तात्या, म्हणजे माझे यजमान, तोवर गेलेले होते.

संसारभर मला एकच धास्ती होती, हे गाडीवरून पडणार. तसे ते दोनदा पडलेही. दुसऱ्यांदा भोरहून येताना डाव्या मांडीचं हाड मोडलं, आत सळई घातली आणि पायातला जोरच गेला. गाडी थांबवून डावा पाय टेकला की गाडीसकट आडवे! मी म्हटलं, बास झालं, आता एसटीनं हिंडा. तर मला म्हणतात, "एसटी माज्यासाठी वळणावर थांबती व्हय?" आणि एक दिवस कामथडीच्या वेल्डिंगवाल्याकडून मोटारसायकलच्या मागे दोन चाकं बसवून आले. गिअर हातानं टाकायची सोय, मागे रोपांचे ट्रे ठेवायला जागा. मी कपाळाला हात लावला. गावात "तात्यांची रिक्षा आली" अशी चेष्टा सुरू झाली. "रिक्षा तर रिक्षा," ते म्हणायचे, "तुमाला बसायचंय का सांगा."

माझी धास्ती काही गेली नाही, उलट वाढली. दुचाकी वळणावर आपसूक कलते, मागच्यानं नुसतं गप्प बसायचं. ही बया कलतच नाही. ती सरळ राहते आणि माणूस बाहेर फेकला जातो. वळण जोरात घेतलं तर आतलं चाक उचलतं. मग तात्या ओरडायचे, "सुमन, आत!" की मी सगळं अंग आतल्या बाजूला झोकून द्यायचे. शेजारीण म्हणाली, "काय गं, रस्त्यात काय हरवलंय, सारखी वाकून बघतीस ती?" हसू यायचं, पण ते एकटे गेले की माझ्या मनात यायचं, आता आत कोण वाकणार? पहिल्याच आठवड्यात त्यांनी जुन्या सवयीनं थांबता थांबता पाय खाली टेकला आणि स्वतःच्याच गाडीचं मागचं चाक बोटांवर चढवून घेतलं. अंगठा काळानिळा झाला, तरी गाडीचं कौतुक संपेना.

कारण त्यांना तिच्यात एक वेगळंच सुख सापडलं होतं. "दोन चाकांवर मानूस थांबला तरी तोल धरूनच असतो," ते सांगायचे, "हिच्यावर थांबलं की थांबलं." पालीच्या वळणावर ते इंजिन बंद करायचे, हँडल सोडून हाताची घडी घालायचे आणि राजगडाकडे बघत बसायचे. येणारेजाणारे "जय भीम तात्या" म्हणून पुढे जायचे. एवढा वेळ काय बघता म्हटलं तर नुसते हसायचे. हळूहळू माझाही विश्वास बसला की ही गाडी काही यांना पाडत नाही. ते बाहेर गेले की मी निवांत कामाला लागायला शिकले होते.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. पुण्यानुमोदनाला माणसं आली, माझ्याजवळ बसून सांगू लागली, "मी बघितलं होतं त्यांना त्या दिवशी. काय शांत बसले होते!" एक झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. एकानं तर जय भीमही घातला होता. उत्तर आलं नाही, तर त्याला वाटलं, तात्या आपल्या तंद्रीत आहेत. बिचारे मला धीर द्यायला बोलत होते. मी हात जोडत होते आणि आतून नुसती जळत होते. अरे, म्हणजे किती वेळ बसले होते ते? दुचाकी असती तर आडवी झाली असती, आवाज झाला असता, चार माणसं धावली असती... वेळेत कुणी पोचलं असतं तर वाचले असते का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "सांगता येत नाही." हे एवढंसं वाक्य मला जेवू देत नाही. जन्मभर ज्यांच्या पडण्याला भ्याले, ते एकदा पडले असते तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

गाडी अंगणात आहे. विकायचं कुणी काढलं की मी विषय बदलते. पण रस्त्याच्या कडेला कुणी गाडीवर गप्प बसलेलं दिसलं की माझ्यानं पुढे जाववत नाही. परवा जीपनं वेल्ह्याला जाताना असाच एक जण दिसला, मोटारसायकल स्टँडवर लावून, डोंगराकडे तोंड करून बसलेला. मी जीप थांबवायला लावली. उतरले, जवळ गेले, हाक मारली. त्यानं ऐकलं नाही. खांद्यावर हात ठेवला तसा तो केवढ्यानं तरी दचकला, कानातल्या वायरी ओढून काढत म्हणाला, "काय झालं काकू?"

"काही नाही रे," म्हटलं, "दचकलास ना, बास झालं."